वेबसाइटवरची यादी गायब झाली? आधी ‘अपडेट’ दाबू नका

रिपीटर फील्ड कसं चालतं, कुठे अडतं आणि शोध कुठून सुरू करायचा

इंदूर : मराठी मंडळं, वाचनालयं, शाळा यांच्या वेबसाइटबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते. काल संध्याकाळपर्यंत पानावर कार्यक्रमांची अख्खी यादी दिसत होती. आज वर शीर्षक आहे आणि खाली नुसती मोकळी जागा. सचिव वेबवाल्याला फोन लावतात. तो घाईत असतो, आणि इंदुरी हिंदीत उत्तर येतं, ‘सर, लगता है डेटा उड़ गया.’ मग कुणीतरी स्वयंसेवक जुन्या निमंत्रणपत्रिका आणि अहवाल काढून पहिल्यापासून टाइप करायला बसतो.

बहुतेक वेळा ही मेहनत फुकट जाते. माहिती उडालेली नसते. ती डेटाबेसमध्ये जिथे होती तिथेच असते, फक्त पानाच्या साच्यातला कोड तिच्यापर्यंत पोचत नसतो. साचा, म्हणजे ज्याला वेबवाले टेम्प्लेट म्हणतात, तो माहिती वाचतो आणि छापतो. वाचणाऱ्याचा चष्मा बिघडला म्हणून पुस्तकातली अक्षरं पुसली जात नाहीत.

पण एक प्रकार असा आहे, की ज्यात ओळी खरोखर पुसल्या जातात. आणि तो कोडमुळे कमी, आपल्याच हातून दाबलेल्या ‘अपडेट’च्या बटणामुळे जास्त होतो. म्हणून यादी गायब दिसली की पहिलं काम म्हणजे त्या पानाचं ‘अपडेट’ दाबायचं नाही, आणि होस्टिंगवरून डेटाबेसची एक प्रत उतरवून घ्यायची. बाकी सगळं त्यानंतर.

एकाच रकान्यात अनेक ओळी

जगातल्या दहापैकी चारांहून जास्त वेबसाइट वर्डप्रेसवर चालतात; आपल्या मंडळांच्या तर बहुतेक त्यावरच. वर्डप्रेसच्या पानावर शीर्षक आणि मजकूर एवढंच मुळात असतं. त्यापलीकडे तारीख, सभागृह, वक्ता असे वेगळे रकाने हवे असतील तर ‘कस्टम फील्ड’ लागतात, आणि त्यासाठी सर्वात जास्त वापरलं जाणारं प्लगइन म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स, बोलताना एसीएफ.

इंदुरातलंच उदाहरण घ्या. सानंद न्यासातर्फे महाराष्ट्रातून एखादं नाटक येतं, तेव्हा ते एकदाच होत नाही. प्रेक्षकांचे गट ठरलेले आहेत आणि गटांनुसार शनिवार-रविवारी प्रयोग लागतात. (सानंदच्या वेबसाइटबद्दल इथे काही म्हणायचं नाही. ही मांडणी इंदूरकरांच्या ओळखीची आहे, म्हणून घेतली.) अशी माहिती वेबसाइटवर टाकायची तर नाटकाचं नाव एकदा, पण तारीख, वेळ आणि गट हे तीन रकाने प्रत्येक प्रयोगाला पुन्हा पुन्हा. कधी चार प्रयोग, कधी पाच. आधी ठरवून रकाने करता येत नाहीत. म्हणून ‘ओळ वाढवा’ असं बटण असलेलं फील्ड लागतं. त्याला रिपीटर म्हणतात.

आम्हा कॉमर्सवाल्यांना हे समजायला सोपं जातं, कारण आत सगळी खतावणीच आहे. समजा रिपीटरचं नाव ‘प्रयोग’ ठेवलं आणि पाच ओळी भरल्या. डेटाबेसमध्ये पोस्टमेटा नावाचं टेबल असतं. त्यात ‘प्रयोग’ या नावापुढे पाच हा आकडा जातो, बस. खऱ्या नोंदी वेगळ्या असतात : ‘प्रयोग_0_तारीख’, ‘प्रयोग_0_वेळ’, ‘प्रयोग_1_तारीख’ अशा. मोजणी शून्यापासून, म्हणजे पाचव्या ओळीचा क्रमांक चार. आणि प्रत्येक नोंदीची एक जोडनोंद असते, तिच्या नावाची सुरुवात अंडरस्कोअरने होते. ही नोंद कोणत्या फील्डची आहे, तिची खूणगाठ त्यात असते. खतावणीत नोंदीपुढे रोजकीर्दीचं पान लिहितो ना, तसंच.

(प्रत्यक्ष कोडमध्ये ही नावं इंग्रजी लिपीत असतात. इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत.)

आधी तीन ठिकाणी बघा

कोड उघडण्याआधी पाच मिनिटांची तपासणी पुरते. वर्डप्रेसच्या अ‍ॅडमिनमध्ये जाऊन ते पान संपादनासाठी उघडा. ओळी तिथे दिसतायत का? दिसत असतील तर माहिती सुखरूप आहे आणि गडबड साच्यात किंवा कॅशमध्ये आहे. कॅश प्लगइन रिकामं करून, ब्राउझरच्या खासगी खिडकीत पान बघा. निम्म्या तक्रारी इथेच संपतात असं मला वाटतं, पण हा अंदाज आहे.

अ‍ॅडमिनमध्येही दिसत नसतील तर घाबरायचं नाही, पण सेव्हही करायचं नाही. होस्टिंगच्या पॅनलमधून पीएचपी-माय-अ‍ॅडमिन उघडा आणि पोस्टमेटा टेबलात ‘प्रयोग_’ने सुरू होणाऱ्या नोंदी शोधा. असतील तर माहिती आहे. फील्डची व्याख्या हरवली आहे. याचं नेहमीचं कारण म्हणजे कुणीतरी फील्डचं नाव ‘सुधारलं’. फील्डला दोन नावं असतात. लेबल म्हणजे आपल्याला दिसणारं नाव. ते मराठीत ठेवा, हवं तेव्हा बदला, काही होत नाही. दुसरं असतं कोडसाठीचं नाव. ते बदललं की जुन्या नोंदी जुन्या नावाने पडून राहतात आणि नवं नाव रिकामं दिसतं. पूर्वीचं नाव पुन्हा लिहिलं की ओळी जशाच्या तशा परत येतात. हे कोडसाठीचं नाव इंग्रजी लहान अक्षरांत, जागा न सोडता ठेवावं आणि एकदा ठरलं की त्याला हात लावू नये.

हजाराची मर्यादा

आता तो खरा धोका.

वर्डप्रेस ज्या पीएचपी भाषेत चालतं, तिच्यात एक सेटिंग आहे : मॅक्स_इनपुट_व्हार्स. एका फॉर्ममधून जास्तीत जास्त किती रकाने स्वीकारायचे याची ती मर्यादा. मूळ किंमत 1000. 2012मध्ये सुरक्षिततेसाठी ती आणली गेली आणि पुष्कळ स्वस्त होस्टिंगवर आजही तेवढीच आहे.

हिशेब करा. मंडळाने जुन्या कार्यक्रमांची नोंद ठेवायला एकच पान केलं आहे. प्रत्येक ओळीत आठ रकाने : वर्ष, तारीख, कार्यक्रम, पाहुणे, विषय, स्थळ, फोटो, टीप. सव्वाशे ओळी झाल्या की आठ गुणिले सव्वाशे, बरोबर हजार. शिवाय पानाचे स्वतःचे इतर रकाने असतातच, त्यामुळे सव्वाशेच्या आधीच मर्यादा भरते. त्या दिवशी स्वयंसेवक एक नवी ओळ घालतो आणि ‘अपडेट’ दाबतो. पीएचपी पहिले हजार रकाने घेतं आणि उरलेले सोडून देतं. पडद्यावर लाल अक्षरांत काही येत नाही, सर्व्हरच्या लॉगमध्ये एक इशारा पडतो इतकंच. प्लगइनच्या बाजूने बघितलं तर फॉर्ममधून आलेल्या ओळी तेवढ्याच आहेत. म्हणजे बाकीच्या वापरणाऱ्याने काढून टाकल्या असाव्यात. ते निमूटपणे जुन्या ओळी डेटाबेसमधून पुसतं.

इथे मात्र ‘डेटा उड़ गया’ हे खरं असतं. आणि स्वयंसेवकाला वाटतं, आपली ओळ सेव्ह झाली नाही. म्हणून तो पुन्हा भरतो, पुन्हा दाबतो.

ओळखायची खूण सोपी आहे : यादी पूर्ण गायब होत नाही, शेवटून कापली जाते. नव्या ओळी काही केल्या टिकत नाहीत. असं दिसलं की होस्टिंगवाल्याला सांगून मर्यादा 3000 किंवा 5000 करून घ्या. सी-पॅनल असेल तर पीएचपीच्या आयएनआय एडिटरमध्ये ती स्वतःलाही बदलता येते. थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये ओळ लिहून मर्यादा वाढवण्याचा उपाय पुष्कळ जण सुचवतात, तो चालत नाही. फॉर्ममधली माहिती पीएचपी वाचतं ते ती फाइल चालू होण्याच्या आधी. गेलेल्या ओळी परत हव्या असतील तर बॅकअप हाच भरवशाचा मार्ग. पानाच्या जुन्या आवृत्त्यांमधून त्या मिळतीलच असं धरून चालू नका.

माझ्या मते इतकी मोठी यादी एका रिपीटरमध्ये ठेवणं मुळातच चुकीचं. 2022मध्ये आलेल्या 6.0 आवृत्तीपासून एसीएफच्या सशुल्क प्रकारात रिपीटरला पानं पाडायची सोय आहे, तिने ओझं कमी होतं. पण जुन्या कार्यक्रमांची नोंद असेल तर प्रत्येक कार्यक्रम ही वेगळी पोस्ट करावी. शोधायलाही बरं पडतं. रिपीटर हा पाच-पंचवीस ओळींसाठी आहे.

साच्यात काय चुकतं

ओळी अ‍ॅडमिनमध्ये आहेत, पानावर नाहीत, हे नक्की झालं की साचा उघडायचा. इथे तीन शब्द लक्षात ठेवले की पुरे. हॅव्ह_रोज विचारतं, ‘अजून ओळ शिल्लक आहे का?’ द_रो पुढची ओळ हातात घेतं. आणि गेट_सब_फील्ड त्या हातातल्या ओळीतला एखादा रकाना वाचतं.

सर्वात जास्त दिसणारी चूक म्हणजे गेट_सब_फील्डच्या जागी गेट_फील्ड. साधं फील्ड वाचायची सवय असते, हात तसाच चालतो. पण गेट_फील्ड हे पानाच्या पातळीवर ‘तारीख’ शोधतं, आणि तारीख तर ओळीच्या आत आहे. परिणाम फसवा असतो : पाच ओळींचे पाच रिकामे चौकोन येतात, आत काही नाही. रिकामे का होईना, चौकोन आले याचा अर्थ लूप फिरतोय आणि चूक आतल्या शब्दात आहे. चौकोनही आले नसते तर चूक बाहेर असती. एवढ्या एका निरीक्षणाने तास वाचतो.

द_रो विसरलं तर पान उघडतच नाही. ओळ शिल्लक आहे का, आहे. शिल्लक आहे का, आहे. पुढे कुणी सरकतच नाही. सर्व्हर वेळ किंवा मेमरी संपेपर्यंत तिथेच गरगरतो आणि मग ‘गंभीर त्रुटी’ची पाटी येते.

त्याच्या उलट प्रकारही आहे. पहिल्या पानावर फक्त पुढचे दोन प्रयोग दाखवायचे म्हणून कुणी लूप मध्येच ब्रेक करून तोडतं. पण सरकवलेला काटा तिथेच राहतो. खाली त्याच पानावर पूर्ण यादी दाखवायला गेलं की ती तिसऱ्या ओळीपासून सुरू होते. लूप तोडल्यावर रीसेट_रोज लिहिलं की काटा मागे येतो.

मग येतो पत्त्याचा घोळ. कुठल्या पानाची ओळ वाचायची हे सांगितलं नाही तर कोड ‘आत्ताचं पान’ धरतो. पण साच्यात वर ‘ताज्या बातम्या’ची वेगळी पट्टी असेल आणि तिचा लूप संपल्यावर डब्ल्यूपी_रीसेट_पोस्टडेटा लिहिलं नसेल, तर ‘आत्ताचं पान’ म्हणजे त्या पट्टीतली शेवटची बातमी. तिच्यात प्रयोग कुठून असणार? यादी रिकामी. खूण अशी : बातम्यांची पट्टी तात्पुरती काढली की यादी अवतरते. माहिती वेबसाइटच्या सामाईक ऑप्शन पानावर भरलेली असेल तर हॅव्ह_रोजला दुसरा शब्द म्हणून ‘ऑप्शन’ द्यावा लागतो. तोही पुष्कळदा राहून जातो.

रिपीटरमध्ये रिपीटर असेल, म्हणजे हंगामात अनेक नाटकं आणि प्रत्येक नाटकाचे अनेक प्रयोग, तर आणखी एक खाच आहे. आतल्या लूपमध्ये शिरलं की गेट_सब_फील्डला फक्त आतली ओळ दिसते. नाटकाचं नाव बाहेरच्या ओळीत आहे. ते आत शिरण्याआधीच एका व्हेरिएबलमध्ये काढून ठेवायचं. आणि आतल्या-बाहेरच्या दोन्ही रिपीटरना एकच नाव कधी देऊ नका, कोडला आपण कुठे आहोत ते कळत नाही.

पानावर नुसता ‘5’

कधी यादीच्या जागी एकच आकडा छापून येतो. 5, किंवा 12. बघणाऱ्याला काही अर्थबोध होत नाही, पण वर सांगितलेली खतावणी आठवा : रिपीटरच्या मूळ नावापुढे ओळींची संख्या असते. म्हणजे कोड योग्य खात्यावर पोचलाय, पण हे रिपीटर आहे हे त्याला माहीत नाही.

याची दोन कारणं. एक, एक्सेलमधली माहिती कुणी थेट डेटाबेसमध्ये ओतली, नोंदी गेल्या पण अंडरस्कोअरच्या जोडनोंदी गेल्या नाहीत. अशा वेळी अ‍ॅडमिनमधून ते पान एकदा सेव्ह केलं की जोडनोंदी तयार होतात. मात्र आधी बॅकअप, आणि ओळी अ‍ॅडमिनमध्ये दिसत असतील तरच. दुसरं कारण प्लगइनचं. रिपीटर हे एसीएफच्या सशुल्क प्रकारात येतं. साइट एका वेबवाल्याकडून दुसऱ्याकडे गेली, नव्याने सशुल्क प्रकार काढून फुकट प्रकार बसवला, की सगळे रिपीटर मुके होतात. माहिती तशीच असते. सशुल्क प्रकार परत आला की यादीही येते.

आकड्याऐवजी ‘अ‍ॅरे’ हा शब्द छापून आला तर गोष्ट वेगळी. तिथे पूर्ण गाठोडं हातात आलंय आणि कोड ते न सोडताच छापतोय. फोटोच्या रकान्यात हे फार होतं : फील्डच्या सेटिंगमध्ये फोटोचा पत्ता मागायचा की सगळा तपशील, हे निवडलेलं असतं आणि साचा दुसरंच गृहीत धरतो.

प्लगइनवरून आठवलं. 2024मध्ये यावर मोठं भांडण झालं. एसीएफची मालकी डब्ल्यूपी इंजिन या अमेरिकी कंपनीकडे आहे. वर्डप्रेसचे सहसंस्थापक मॅट मलनवेग यांचं त्या कंपनीशी बिनसलं आणि 12 ऑक्टोबर 2024 रोजी वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहातली एसीएफची जागा ताब्यात घेऊन तिथे ‘सिक्युअर कस्टम फील्ड्स’ हे नाव लावलं गेलं. ज्यांचं ऑटो-अपडेट चालू होतं, त्यांच्या साइटवर प्लगइनचं नाव रातोरात बदललं. डिसेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयाच्या आदेशानंतर एसीएफची जागा परत मिळाली, आणि आता दोन्ही प्लगइन वेगवेगळी उपलब्ध आहेत. मंडळाच्या सचिवाने या भांडणात पडायचं कारण नाही. पण आपल्या साइटवर नेमकं कोणतं बसलंय ते बघून वहीत लिहून ठेवावं, आणि दोन्ही एकाच वेळी चालू ठेवू नयेत.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला सुरक्षेसाठी आणखी एक बदल झाला : द_फील्ड आणि द_सब_फील्ड हे शब्द धोकादायक वाटणारा एचटीएमएल गाळायला लागले. सभागृहाचा गूगल नकाशा साध्या मजकुराच्या रकान्यात चिकटवलेला असेल आणि अपडेटनंतर तो दिसेनासा झाला असेल तर कारण हेच.

तारखेने घातलेला घोळ

सर्वात लाजिरवाणी चूक यादी गायब होण्याची नाहीच. यादी दिसते, पण तारीख चुकीची, आणि लोक चुकीच्या दिवशी सभागृहाच्या दारात.

आपण 5 मार्चला 05/03 लिहितो. पीएचपीतलं स्ट्रटोटाइम तिरकी रेघ दिसली की अमेरिकी पद्धत धरतं, आधी महिना. त्यामुळे 5 मार्चचा प्रयोग वेबसाइटवर 3 मेचा होतो. 25/12 असेल तर पंचविसावा महिना सापडत नाही आणि पानावर छापून येतं : 1 जानेवारी 1970. संगणकाच्या घड्याळाचा तो शून्य दिवस. ही तारीख दिसली तर निदान चूक कळते तरी. 3 मे दिसला तर कुणाला संशयही येत नाही. महिन्याच्या पहिल्या बारा तारखांचे कार्यक्रम म्हणूनच मुद्दाम तपासून बघा.

एसीएफ तारीख डेटाबेसमध्ये आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी सलग आठ आकड्यांत ठेवतं : 20250305. फील्डच्या सेटिंगमध्ये परत मिळणारा नमुनाही हाच निवडा, तारखेनुसार क्रम लावतानाही तो सरळ जातो. वाचकांना दाखवायच्या वेळी डब्ल्यूपी_डेट वापरलं तर महिन्याचं नाव साइटच्या भाषेत येतं. इंदूर, बुऱ्हाणपूर, देवास इकडच्या साइट बनवणारे बहुतेक हिंदीभाषक, त्यामुळे सेटिंगमध्ये भाषा हिंदीच ठेवलेली असते आणि सगळा मजकूर मराठी असूनही खाली ‘जनवरी’, ‘मई’ आणि ‘जुलाई’ छापून येतं. त्यासाठी कोडला हात लावायची गरज नाही. सेटिंग्जमध्ये जनरल पानावर साइटची भाषा मराठी करा, ‘जानेवारी’ आपोआप येईल.